डाव सोडला, बैल गेला

आमचा हरण्या नावाचा बैल एका टेस्ट मॅचमध्ये गेला. (गेला म्हणजे वारला नाही. वारला असता तर निदान चार माणसं माझ्या घरी भेटायला आली असती.)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोल्हारचे. आण्णा, म्हणजे माझे वडील, शेती करायचे आणि मी एका शुगर फॅक्टरीत कारकुनी. शिवाय मी फॅक्टरीच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन होतो. हे मी कुणी न विचारता सांगायचो. माझ्या कॅप्टनकीत टीम किती वेळा जिंकली, हे मात्र विचारलं तरी सांगत नसे!

त्या पावसाळ्याच्या शेवटी हरण्याचा जोडीदार चिमण्या साप चावून गेला. (तो खरोखर गेला.) गव्हाची पेरणी तोंडावर आलेली आणि गोठ्यात बैल एकच. तेव्हा हरण्याला टेम्पोत घालून घोडेगावच्या बाजाराला न्यायचं, त्याच्या उंचीचा, रंगाचा, शिंगांचा जोड बघून विकत घ्यायचा आणि दोघांना परत आणायचं, असं ठरलं. हरण्या विकायचा प्रश्नच नव्हता. त्याला गोऱ्हा असल्यापासून आण्णांनी स्वतःच्या हाताने भरवलं होतं. मला भरवल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

बाजारात एका चहाच्या टपरीशेजारी आण्णांनी हरण्याचं दावं माझ्या हातात दिलं.

"दत्ता, हितंच उभा ऱ्हा. मी जोड बघून येतो. दुसरं काय करू नको."

"दुसरं काय करणार आहे मी?"

"त्येच मला कधी कळलं न्हाई," म्हणत ते गर्दीत शिरले.

टपरीवर ट्रान्झिस्टर चालू होता. टेस्टचा शेवटचा दिवस! आदल्या संध्याकाळी आपल्या कॅप्टनने चांगल्या विकेट हातात असताना डाव सोडला होता. (पेपरवाले 'डाव घोषित केला' म्हणतात. आमच्याकडे डाव सोडतात.) आणि आज समोरची टीम त्या धावा अशा काढत होती, जशा काही त्या त्यांनीच ठेवायला दिल्या होत्या.

आता इथे बाजाराची रीत सांगायला हवी. या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि मालक उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा ठरतो, आणि पटलं की मालक एकच शब्द मोठ्याने बोलतो: "सोडला!" बोलला की जनावरावर गुलाल पडतो आणि जनावर गेलं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत नसतं तर आज थोडी तरी सहानुभूती मिळाली असती.

तेवढ्यात एक दलाल जवळ आला. रंगनाथ त्याचं नाव. मागे बीडकडचा एक फेटेवाला गिऱ्हाईक.

"काय मास्तर, बैल तुमचाच का?"

"मास्तर नाही. कॅप्टन."

"मिल्ट्रीत?"

"क्रिकेटमध्ये."

"आरं तिच्या! मग तुमीच सांगा कॅप्टनसाहेब, ह्या गड्यानं काल डाव सोडला, ते शानपन का येडपन?"

बोलता बोलता त्याने माझा हात हातात घेतला आणि वर उपरणं टाकलं. मी हात काढून घ्यायला हवा होता. पण म्हटलं, हरण्याला भाव किती येतो ते नुसतं बघू. आण्णांना सांगू, त्यांना बरं वाटेल! (माझी बहुतेक सत्यानाशाची कामं कुणाला तरी बरं वाटावं म्हणून झालेली आहेत.)

"शहाणपण!" मी म्हणालो. "आणखी तासभर खेळला असता तर मॅच ड्रॉ झाली असती."

"झाली तर झाली. हरली तर नसती?"

"जिंकायचं असेल तर हरायची तयारी लागते!" (हे वाक्य मी फॅक्टरीत प्रत्येक पराभवानंतर वापरत असे. पाठ झालं होतं.)

"ह्येला तयारी म्हनत न्हाईत, कॅप्टनसाहेब. ह्येला खाज म्हनत्यात!"

माणसं हसली. जमू लागली. मी पेटलो.

"चहापर्यंत दोन विकेट पडतात की नाही बघा!" मी त्याची दोन बोटं दाबली. उपरण्याखाली! रंगनाथने फेटेवाल्याकडे पाहिलं. "दोन काय, तीन पडतील, तीन!" तीन दाबली. फेटेवाल्याने जरा विचार केला आणि मान डोलावली. मला वाटलं, मुद्दा पटला.

ट्रान्झिस्टरमध्ये आणखी एक चौकार गेला. बाजार हळहळला.

"बघा!" रंगनाथ म्हणाला. "आता छातीवर हात ठिऊन सांगा. तुमी त्येच्या जागी असता, तर सोडला असता का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. हरण्यासुद्धा रवंथ करायचा थांबला. इतकी माणसं माझं मत ऐकायला आयुष्यात पहिल्यांदाच थांबली होती.

"सोडला असता काय विचारता? डोळे झाकून! सोडला!"

"सोडला!" रंगनाथने माझ्या हातावर टाळी मारली. "समद्यांनी ऐकलं!" आणि गुलाल उधळला. लोक पाठ थोपटू लागले. वाद जिंकला म्हणून मी चारी दिशांना हात जोडले! फेटेवाला दाव्याला हात घालू लागला, तेव्हा कुठे दिसलं की गुलाल हरण्याच्या पाठीवर आहे. माझ्या अंगावर होता तो सांडलेला.

"अहो, मी डावाबद्दल बोलत होतो!"

"आमी दाव्याबद्दल," रंगनाथ शांतपणे म्हणाला.

आणि त्याच वेळी आण्णा आले. हातात दुसरं दावं, त्याला बैल. हुबेहूब हरण्या!

"दत्ता, आरं बघ! जुळा भाऊ हाय त्येचा! शब्द दिऊन आलो..." मग त्यांना गुलाल दिसला.

मी सगळं सांगितलं. म्हणालो, "आण्णा, मी पाया पडतो त्यांच्या. सौदा मोडू."

"सोडला कोन म्हनलं?"

"मी."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

किंमत वाईट नव्हती, हेच वाईट झालं. फसवलं म्हणून ओरडायचीही सोय राहिली नाही. विकलेल्या जनावराबरोबर आम्ही दावं देत नाही. आण्णांनी ते स्वतः हरण्याच्या गळ्यातून काढलं. हरण्याने त्यांचा तळहात चाटला. माझ्याकडे बघितलंही नाही. जनावरांना माणसं कळतात.

येताना टेम्पोत एक बैल होता आणि जातानाही एकच. बिनजोडीचा गेला, बिनजोडीचा आला. पेरणी तिथल्या तिथे. आण्णा रिकामं दावं मांडीवर घेऊन बसले होते. राहुरी मागे पडली. ड्रायव्हरने रेडिओ लावला, बंद केला.

"काय झालं म्याचचं?" आण्णांनी विचारलं.

"हरलो."

"डाव सोडला हुता म्हनं?"

"हो. कॅप्टननं."

"त्येचा बाप हुता का तितं?"

"नाही."

"नशीबवान," आण्णा म्हणाले, आणि बाहेर बघू लागले.

नशीबवान कोण, तो कॅप्टन की त्याचा बाप? विचारावंसं फार वाटलं. पण भर बाजारात धाडसाची बाजू घेऊन भांडलेल्या माझ्याच्याने ते धाडस आजवर झालेलं नाही!