बाकावर सांगायचं नाही

आमच्या गावात माझा आवाज सगळ्यांना ठाऊक आहे आणि मावशींचा कुणालाच नाही. हा अन्याय आहे. त्यात माझा वाटा मोठा आहे, म्हणून लिहायला बसलो.

रोज सकाळी दहाला मी रेडिओवर ‘आजचे पाहुणे’ हा कार्यक्रम करतो. एक माणूस, एक तास, सगळं थेट. पुढारी नाहीत, नट नाहीत. घड्याळं दुरुस्त करणारा, दवाखान्यातली आया, बसचा कंडक्टर, असे लोक. एकतीस वर्षं झाली. रस्त्यात लोक थांबवून म्हणतात, ‘तुम्ही माणसाला काय बोलतं करता हो!’ मी मान खाली घालून हसतो. लोकांना तो विनय वाटतो. खरं सांगायचं तर मला ते मनापासून पटलेलं असायचं.

मावशी म्हणजे केंद्रातल्या शिपाईबाई. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, तरी मीही त्यांना मावशीच म्हणतो. ऑफिसात पाणी देणारी बाई एकदा मावशी झाली की ती साऱ्या जगाची मावशी होते, त्याला वयाचा दाखला लागत नाही. पाहुणा आला की त्याला स्टुडिओबाहेरच्या बाकावर बसवायचं, पाणी द्यायचं आणि दहाला पाच कमी असताना आत सोडायचं, हे त्यांचं काम. बाक लाकडी, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. समोरच्या भिंतीवर स्पीकर, त्यावर आतला कार्यक्रम ऐकू येतो. एकोणीस वर्षं त्या बाकाशेजारी उभ्या आहेत, आणि त्या काय करतात हे मला सतरा वर्षं कळलं नव्हतं. शहाणपणाची हद्दच म्हणायची.

कळलं ते त्या रजेवर गेल्या तेव्हा. मुलीचं बाळंतपण होतं, दहा दिवसांची रजा. म्हटलं, पाणी काय, आपणच देऊ. पहिल्या दिवशी लिफ्ट दुरुस्त करणारा आला. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमध्ये एका बाईला कळा सुरू झाल्या आणि यानं वरून दोरानं उतरून तिला धीर दिला, ही त्याची गोष्ट. बाकावर बसून त्यानं मला ती अशी काही सांगितली की माझ्या अंगावर काटा आला. मनात म्हटलं, आज मैदान मारलं. आत गेलो, लाल दिवा लागला, मी विचारलं, ‘तर त्या दिवशी काय झालं?’ तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘मघाशी सांगितलं ना तुम्हाला.’

पुढचा तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी पोहायला शिकवणाऱ्या बाई, तिसऱ्या दिवशी शाळेतले घंटावाले. बाहेर धबधबा आणि आत कोरडी विहीर. चौथ्या दिवशी मी संगीत जास्त लावलं.

मावशी परत आल्या. मी त्यांच्यावरच चिडलो. स्वतःवर चिडण्यापेक्षा ते सोपं असतं.

‘मावशी, तुम्ही या लोकांना करता तरी काय?’

‘काही नाही, दादा. फक्त बाकावर सांगू देत नाही.’

मग नीट सांगितलं. पाहुणा घाबरलेला असतो. घाबरलेला माणूस पहिला भेटेल त्याला सगळं सांगून मोकळा होतो. ‘माणूस गोष्ट एकदाच सांगतो, दादा. दुसऱ्यांदा सांगताना त्याला ती गोष्ट आठवत नाही, मघाशी काय बोललो ते आठवतं.’ म्हणून मावशी त्याला भलतंच विचारतात. चप्पल कुठून घेतली? घरात पहिल्यांदा कोण उठतं? जिन्यावर दिवा आहे का? पाहुणा गोष्टीकडे वळायला लागला की हात वर करून म्हणतात, ‘थांबा थांबा, ते आत सांगा. मला इथे स्पीकरवर ऐकायचंय.’ माणूस आत येतो तो पोटात अख्खी गोष्ट घेऊन, आणि बाहेर एक बाई कान लावून उभी आहे हे मनात ठेवून. ज्याला मी माझं कसब समजत होतो, ते पाण्याच्या ग्लासासोबत बाहेरून तयार होऊन येत होतं.

त्या दिवसापासून मी मावशींना मानायला लागलो, आणि ते चारचौघांत बोलूनही दाखवायला लागलो.

दोन वर्षं बरी गेली. मग या वर्षी नवे केंद्रप्रमुख आले. तरुण, हुशार, सगळं तक्त्यात मांडणारे. त्यांनी हुकूम काढला: बाक हलवायचा, तिथे काचेची खोली करायची, पाहुण्यांनी आदल्या दिवशी आपली गोष्ट छापील कागदावर लिहून द्यायची, पाण्याचं यंत्र बसवायचं. आणि मावशींनी एक तारखेपासून मागच्या इमारतीतल्या जुन्या टेपांच्या गोदामात बसायचं. तिथे खिडकी नाही आणि माणूसही फिरकत नाही.

मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, ‘पाणी यंत्रही देतं. आणखी काय करतात त्या, ते मला मोजून दाखवा.’ मला ते दाखवता येईना. मग म्हटलं, तीस तारखेचा पाहुणा मी आणतो, तेवढा कार्यक्रम तुम्ही आत बसून ऐका. ते ‘बरं’ म्हणाले.

पाहुणा म्हणजे मावशीच. आधी तयार होईनात. ‘माझं काय आहे सांगण्यासारखं?’ मी म्हटलं, हेच वाक्य तुम्हाला हजार जणांनी बाकावर ऐकवलं असेल. मग हसल्या. तीस तारखेला इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या आणि जन्मात पहिल्यांदा त्या बाकावर बसल्या. पाण्याचा ग्लास मी आणला. न राहवून विचारलं, ‘मावशी, हे बाकावर न सांगण्याचं तुम्ही शिकलात कुठे?’

त्यांनी हात वर केला. ‘थांबा थांबा. ते आत.’

आता थोडं मागं जायला हवं. मित्रांच्या बैठकीत माझा एक हुकमी विनोद होता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे पुलावरचा एक चौकीदार पाहुणा आला होता. नदीत बस पडली, यानं उडी मारून सात माणसं बाहेर काढली. मी नवा, उत्साही. त्याला बाकावर बसवून मी गोष्टीची तीन वेळा तालीम घेतली. इथे थांबा, इथे आवाज चढवा, बसचा रंग आधी सांगा. आणि आत गेल्यावर गडी जो मिटला तो मिटलाच. मी विचारतोय, ‘पाणी फार थंड होतं का?’ तो म्हणतोय, ‘हो.’ ‘भीती वाटली?’ ‘नाही.’ तासभर हो आणि नाही. एकतीस वर्षं मी त्या ‘हो’ची नक्कल करून लोकांना हसवत आलो. कैकदा ऑफिसातही केली. मावशी चहा देत असतानाही केली असेल.

लाल दिवा लागला. मी बाकावरचाच प्रश्न विचारला, हे तुम्ही शिकलात कुठे? स्टुडिओच्या काचेपलीकडे साहेब हाताची घडी घालून बसले होते.

मावशी म्हणाल्या, ‘माझ्या वडिलांकडून शिकले. ते पुलावर चौकीदार होते.’

माझ्या हातातला कागद खाली ठेवला गेला.

‘मी पंधरा वर्षांची होते. अख्खी गल्ली आमच्या दारात रेडिओ ऐकायला जमली होती. आईनं तीन घरच्या सतरंज्या मागून आणल्या होत्या. आणि बाबा बोललेच नाहीत. त्यांनी सगळं बाहेर बाकावर सांगून टाकलं होतं, एकदा नाही, तीनदा. आत जाईपर्यंत त्यांना ती दुसऱ्याच कुणाची गोष्ट वाटायला लागली. गल्लीत त्यांना हो-हो म्हणायला लागले. पुढे पुढे तर लोक म्हणाले, यानं कुणाला काढलंच नसेल, काढलं असतं तर सांगता आलं नसतं का? तेव्हापासून बाबांनी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. मलासुद्धा नाही. मग इथं शिपायाची जागा निघाली. म्हटलं, त्या बाकाशेजारी आपण उभं राहायचं. इथून कुणी हो-हो होऊन घरी जायचं नाही.’

मी विचारायला हवं होतं की तालीम घेणारा तो निवेदक कोण. मावशी माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता. त्या म्हणाल्या, ‘निवेदक नवे होते, त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नाव नका विचारू.’

मी म्हणालो, ‘हो.’

त्या बोलत राहिल्या. एकोणीस वर्षांतले पाहुणे, त्यांच्या चपला, त्यांनी रिकामे केलेले पाण्याचे ग्लास. मला हो आणि नाही यांच्यापलीकडे एक शब्द सुचला नाही. इतका सुंदर कार्यक्रम त्या स्टुडिओत झाला नव्हता आणि त्यात माझं काही नव्हतं. शरमेनं मान खाली गेली होती, आणि तरी छाती अभिमानानं भरून आली होती, की ही बाई आमच्या केंद्राची आहे.

दुपारी दोन माणसं बाक न्यायला आली. साहेबांनी त्यांना दारातच विचारलं, ‘त्याचा पाय आखूड आहे म्हणे, तो बसवून देता का?’ हुकूम रद्द झाल्याचं ते तोंडानं कधी बोलले नाहीत. छापील कागदही पुन्हा कुणी मागितले नाहीत.

मी संध्याकाळी निघताना मावशींकडे गेलो. काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. ‘मावशी, तो निवेदक...’

‘दादा, चप्पल नवी घेतलीत वाटतं?’

मला कळलं, हेही बाकावर नाही, आत सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याचा ग्लास. मावशी त्यांना विचारत होत्या, ‘बाबा, बस वेळेवर मिळाली का? बसायला जागा होती?’ ठरलेल्या पाहुण्याला त्यांनी परस्पर उद्यावर ढकललं होतं. मला न विचारता! एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं.

मी बाकावर एक शब्द बोललो नाही. आत गेलो, लाल दिवा लागला, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, की एकतीस वर्षांपूर्वी या माणसाच्या तोंडचे शब्द मी बाहेरच संपवले, आणि वर जन्मभर त्याची नक्कल केली. तो निवेदक मी. मग विचारलं, ‘मला माफ कराल का?’

ते म्हणाले, ‘हो.’

तोच आवाज, तेच एक अक्षर. मला वाटलं, आता पुढचा तास पुन्हा तसाच जाणार. त्यांनी पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाले, ‘आता विचारा, पाणी थंड होतं का.’

मी विचारलं. त्यानंतर दिवा विझेपर्यंत मला दुसरा प्रश्न विचारावा लागला नाही. बाहेर स्पीकरखाली त्यांची मुलगी ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकत उभी होती.