तोडणकरांचं नाक

नाव: काशीराम भिकाजी तोडणकर. राहणार: मांडवी, रत्नागिरी. जन्म: सन १८७६, अंदाजे. उंची: पाच फूट चार इंच. बांधा: मध्यम, निवृत्तीनंतर मध्यमाच्या थोडा पुढे. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर काडीने भाजल्याचा डाग. पूर्वीचा धंदा: आगबोटीवर पहिल्या वर्गाच्या जेवणघरात बटलर, वर्षं बावीस. कामात: फार चांगला. वर्तणुकीत: फार चांगला. हल्लीचा धंदा: डोळे बांधून सिगार ओढणे व तिची छाप सांगणे. या कामी बाणकोटापासून वेंगुर्ल्यापर्यंत त्यांस तोड नाही, सबब हा दाखला दिला असे.

असा दाखला कोणत्याही कचेरीने दिलेला नव्हता. वर्तणुकीपर्यंतचा मजकूर त्यांच्या नलीतला, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या पुस्तकातला. पुढचा त्यांच्या स्वतःच्या तोंडचा. पण तो ते इतक्या वेळा आणि इतक्या गंभीरपणे सांगत, की ऐकणाऱ्याला खाली सही-शिक्का दिसू लागे.

काशीरामभाऊ १९२४ साली नोकरी सोडून मांडवीला परतले ते एक पितळी बटणांचा लोकरी कोट आणि चार छापांच्या सिगारी घेऊन. कोट रत्नागिरीच्या हवेत घालणं शक्य नव्हतं. सिगारी मात्र कामाला आल्या. त्रिचनापल्लीची मोरछाप, रंगूनची छत्रीछाप, मनिलाची राणीछाप आणि सोनेरी पट्ट्याची हवाना. उतारू साहेब उतरताना एखादी हातावर ठेवीत, आणि बोटीवरचे जुने सोबती पुढेही पाठवीत राहिले. साहेबांनी अर्धवट टाकलेल्या थोटकांवर भाऊंचं उच्च शिक्षण झालं होतं, पण हा तपशील ते गाळीत.

घरी आल्या दिवशी त्यांनी बायकोला, सगुणाबाईंना, जहाजाचा नियम सांगितला: चार छापा चार ठिकाणी, एकीचा वास दुसरीला लागता कामा नये, आणि ओल लागता कामा नये. सगुणाबाईंनी बरं म्हटलं आणि पेट्या आत नेल्या. रत्नागिरीत पावसाळ्यात चामड्याच्या वहाणेलाही मिशा फुटतात. तिथे तीन वर्षांत एका सिगारीला बुरशी आली नाही. याबद्दल कोणी सगुणाबाईंना शाबासकी दिल्याचं आठवत नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाली की भाऊंच्या ओटीवर मंडळी जमत. बंदरावरच्या तिकीट-कचेरीतले कारकून गंगाराम भाटकर हे या दरबाराचे व्यवस्थापक. ते पंच्याने भाऊंचे डोळे बांधीत, आत जाऊन सगुणाबाईंकडून चारही छापांची एकेक सिगार आणीत, कागदी पट्टे काढून टाकीत, आणि त्यातली एक पेटवून भाऊंच्या बोटांत देत. भाऊ एक झुरका घेत, धूर जिभेवर फिरवीत, नाकातून सोडीत, आणि मग निकाल देण्याआधी कारणं सांगत. मोरछापेविषयी ते म्हणत की ही मातकट, उष्ण, रक्त शुद्ध करणारी. छत्रीछापेला, त्यांच्या मते, रंगूनच्या जंगलाची धुरकट खोली होती. राणीछाप शेवटी किंचित आंबट होते. मनिलाच्या मातीचाच तो गुण. आणि हवानाचं वर्णन करताना त्यांचा आवाज खाली येई: ही सिगार ओढताना देवळात उभं राहिल्यासारखं वाटतं. मग ते छाप सांगत. तीन वर्षांत ते एकदाही चुकले नाहीत. समोर बसलेले लोक विडी ओढणारे. मनिला कुठे आहे हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही तिथल्या मातीचा गुण पटत असे.

१९२७ च्या चैत्रात भाऊंना पडसं झालं. पडशातला माणूस रविवार चुकवतो, पण भाऊंना ते कमीपणाचं वाटलं. डोळे बांधले, झुरका घेतला, आणि ते थांबले. दुसरा घेतला. कारणं सांगायला सुरुवात केली ती कुठल्याही सिगारीला लागू पडतील अशी. तेवढ्यात माजघराच्या दाराआडून, भांडी पुसतापुसता कोणी सहज बोलावं तसा, सगुणाबाईंचा आवाज आला:

"मोरछाप हाय ती."

गंगाराम भाटकरांनी हातातला पट्टा उलटून पाहिला. मोरछापच होती.

मंडळी हसली. भाऊही हसले, पंच्याखालून. मग गंगारामांनी, निव्वळ गंमत म्हणून, दुसरी पेटवली आणि दाराकडे तोंड करून विचारलं, वहिनी, ही? वहिनींनी सांगितली. तिसरी सांगितली. चौथीला तर सिगार पुरती पेटायच्या आत उत्तर आलं. बाईंनी झुरका घेतला नव्हता, डोळे बांधायचा प्रश्न नव्हता कारण मध्ये भिंत होती, आणि रक्त, जंगल, माती, देऊळ यांपैकी कशाचाही उल्लेख त्यांनी केला नव्हता.

त्या रात्री जेवताना भाऊंनी विचारलं, हे शिकलीस कुठे?

"शिकायचं काय त्यात?" सगुणाबाई भात वाढत म्हणाल्या. "वास येतो."

भाऊंना हे उत्तर फार लागलं. त्यांना वास ओळखायला बावीस वर्षं, तीन समुद्र आणि एक पितळी बटणांचा कोट लागला होता. हिला चूल आणि दार एवढ्यावर ओळखता आला. पहिले काही दिवस त्यांनी मनाची समजूत घातली की बाई चोरून ओढत असणार. ते अवेळी स्वयंपाकघरात डोकावू लागले. पाणी मागण्याच्या निमित्ताने जवळ जाऊन श्वास हुंगू लागले. वापरलेल्या काड्या मोजू लागले. शेजारच्या गोदूबाईंना तर वाटलं की भाऊंना उतारवयात प्रेम फुटलं, आणि त्यांनी ते विहिरीवर सांगितलंही. बाई ओढत नव्हत्या. हे कळलं तेव्हा भाऊ अधिकच खचले. ओढत असत्या तर निदान त्यांना रागावता आलं असतं.

पुढचा रविवार आला तेव्हा भाऊंनी दार लावून घेतलं. फटीतून धूर जायचा तो गेलाच. निकाल सांगून झाला की मंडळींपैकी कोणी तरी दाराकडे बघे, आणि गंगाराम, जे कोर्टकचेरीची भाषा हौसेने वापरीत, विचारीत:

"बटलरसाहेब, वरच्या कोर्टात कायम करून घ्यायचा का निकाल?"

वरचं कोर्ट निकाल कायम करी. भाऊंचं उत्तर बरोबरच असे. पण आता ते बरोबर आहे हे आतून कळल्यावरच लोक माना डोलावीत. माणसाला चूक ठरण्याचं दुःख असतं हे सर्वांना ठाऊक आहे. बायकोने दुजोरा दिल्यामुळे बरोबर ठरण्याचं दुःख भाऊंकडे पाहून कळलं. त्या पुढच्या रविवारी त्यांनी सगुणाबाईंना दुपारचं विहिरीवर पाठवलं. त्या गेल्या. मंडळींपैकी दोघे उठून, जळतं थोटूक घेऊन, पाय मोकळे करायला म्हणून, विहिरीच्या बाजूला गेले.

वैशाखात, बंदर बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या एका बोटीने मुंबईहून पत्र आलं. गंगारामांनी भाऊंची कीर्ती तिथल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला कळवली होती. शेटजी नवी छाप काढणार होते. पेटीच्या झाकणावर भाऊंचं कोटातलं चित्र आणि खाली ‘तोडणकरांनी डोळे बांधून पसंत केलेली’ असा मजकूर छापायचा त्यांचा विचार होता. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या की स्वतः येऊन परीक्षा घेतो, असं त्यांनी लिहिलं होतं. एवढं वाचून भाऊंनी पत्र कपाळाला लावलं. मग खालची ओळ वाचली. आपल्या कुटुंबालाही हे ज्ञान असल्याचं समजतं. त्यांचीही परीक्षा व्हावी. चित्र जोडीचं छापल्यास माल अधिक उठेल.

भाऊंनी मंडळींना सांगितलं की घरंदाज बाईचं चित्र तंबाखूच्या पेटीवर, ही अब्रूची गोष्ट आहे. मंडळींनी मान्य केलं. अब्रू होतीच; पण भाऊंची झोप उडाली ती वेगळ्या हिशेबाने. झाकणावर एक नाक मावत होतं. दोन मावली तर लोक दुसऱ्याकडेच बघणार, हे त्यांना ओटीवर कळून चुकलं होतं.

त्यांनी तडक घरातल्या सगळ्या सिगारी मागून घेतल्या. सगुणाबाईंनी चार ठिकाणांहून चार पेट्या आणून पुढे ठेवल्या.

"आजपासून ह्यांस हात लावायचा नाय," भाऊ म्हणाले. "वास सुद्धा घ्यायचा नाय."

"बरं झालं," सगुणाबाई म्हणाल्या. "माझे डबे मोकळे झाले."

भाऊंनी सिगारी आपल्या पत्र्याच्या ट्रंकेत, खाली तो लोकरी कोट अंथरून, चार रांगांत नीट रचल्या, मध्ये जाड कागद घातले, आणि किल्ली करदोट्याला बांधली. शिवाय आषाढी एकादशीला व्रत धरलं: परीक्षेपर्यंत तंबाखू वर्ज्य. चातुर्मासात कोणी कांदा सोडतं, कोणी वांगं. नाकाला धार यावी म्हणून नेम करणारे भाऊ एकटेच असावेत. पावसाळाभर रविवारचा दरबार बंद राहिला. भाऊ ओटीवर बसून हवा हुंगत, आणि आतून फोडणीचा वास आला की तोंड फिरवीत.

नारळी पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या रविवारी शेटजी आले. स्थूल, सभ्य, कमी बोलणारे गृहस्थ. ओटी भरली होती. भाऊंनी ट्रंक बाहेर आणवली, किल्ली लावली, आणि डोळे बांधून घेतले. शेटजींनी स्वतः सिगार निवडली, पट्टा काढून खिशात ठेवला, आणि ती पेटवून दिली.

भाऊंनी झुरका घेतला. धूर जिभेवर फिरवला. मातकट आहे का पाहिलं, नव्हता. आंबट शेवटाची वाट पाहिली; शेवट आला नाही. धुराला पावसात भिजलेल्या लोकरी कोटाचा वास होता. भाऊंनी खूप वेळ घेतला आणि खालच्या आवाजात सांगितलं, ही हवाना.

ती छत्रीछाप होती. रंगूनचा चिरूट.

दुसरी दिली. तिलाही कोटाचा वास. तिसरीला. चौथीला. भाऊ चारही चुकले. नुसत्या अंदाजाने सुद्धा एखादी बरोबर यायला हरकत नव्हती. पण ते अभ्यासू माणूस, त्यांनी अंदाज केला नाही, कारणं शोधली. पंच्याखालून घाम गालावर आला. कोणी हसलं नाही, आणि हे हसण्यापेक्षा वाईट होतं.

शेटजींनी घसा साफ केला. आलोच आहे तर बाईंनाही विचारावं, असं ते म्हणाले. सर्वांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंना ते दिसलं नाही, पण समजलं.

"विचारा," ते म्हणाले. "तिला सगळंच येतं."

दाराआड हालचाल झाली. ओटीवर आता चार सिगारींचा धूर होता. गंगारामांनी त्यातली एक दाराच्या फटीशी धरली. मग सगुणाबाई म्हणाल्या:

"ही मला नाय सांगता यायची."

दुसरी धरली. तीही नाही. भाऊंनी पंचा कपाळावर सरकवला. त्यांचं तोंड उजळलं होतं. मुंबईच्या पेटीवरचं चित्र नुकतंच हातचं गेलेला माणूस इतका सुखी दिसू शकतो, हे मंडळींनी त्या दिवशी पाहिलं. चैत्रापासून प्रथमच ते ताठ बसले.

"बघितलंत?" ते शेटजींना म्हणाले. "हिलाही नाय येत."

"कशी यावी?" सगुणाबाई आतून म्हणाल्या, त्याच भांडी पुसण्याच्या आवाजात. "ह्या माझ्या घरच्या रीतीच्या नाय राहिल्या. मोरछाप मी हळकुंडांच्या डब्यात ठेवी. छत्रीची चुलीवरच्या शिंक्यात. राणीची आमसुलांच्या बरणीमागे. आणि ती महागातली, ती देवाच्या खणात, कापराच्या डबीशेजारी. वास यायचा त्याचा. ह्यांना सगळ्यांना कोटाचा येतोय."

ओटीवर जे घडलं ते हळूहळू घडलं. एकेकाच्या मनात मातकट आणि उष्ण येऊन गेलं, रंगूनचं जंगल येऊन गेलं, मनिलाची आंबट माती आणि देऊळ येऊन गेलं. गंगाराम भाटकर उठून बंदराकडे बघू लागले.

शेटजी हसले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढली आणि दाराकडे सरकून बसले. मुंबईच्या वखारीत दर पावसाळ्यात त्यांचा बराच माल बुरशीने जात असे. आमसुलांची बरणी उघडी ठेवता की झाकून? शिंकं चुलीपासून किती हात? हळकुंडं नवी की जुनी? सगुणाबाई दाराआडून सांगत होत्या आणि मुंबईचा व्यापारी लिहून घेत होता. हे अर्धा तास चाललं. भाऊंचा आनंद त्यातली पहिली पाच मिनिटं टिकला. मग ते मध्येच म्हणाले की वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायचा हुकूम मूळचा त्यांचा. शेटजींनी मान डोलावली. वहीत ते लिहिलं नाही.

मंगळवारच्या बोटीने शेटजी गेले. नवी छाप निघाली की नाही ते रत्नागिरीला कळलं नाही. झाकणावर कोणाचं नाक नव्हतं एवढं निश्चित.

ट्रंकेतल्या सिगारी त्याच आठवड्यात आत गेल्या. भाऊंनी किल्ली पाटावर ठेवली, आणि सगुणाबाईंनी ती उचलली. पण दरम्यान हळदीच्या डब्यात हळद भरली होती आणि आमसुलांमागे लोणचं आलं होतं. तेव्हा चार छापांना नव्या जागा मिळाल्या. कोणत्या, ते भाऊंनी विचारलं नाही. विचारणं म्हणजे मानणं होतं. दुसऱ्या रविवारी त्यांनी देवळातली गंभीर चव घेऊन हवाना म्हणून जी सांगितली ती मोरछाप निघाली, आणि दाराआडून बरोबर उत्तर आलं. त्यानंतर पंचा बांधायला त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

काशीरामभाऊ पुढे नऊ वर्षं जगले. जेवणानंतर रोज एक सिगार ओढीत. कोणती, ते आत विचारून घेत.