टर्बो थंड होईपर्यंत

गरम इंजिन ऑइलचा वास आला की मला चंदीगडमधली हिवाळ्यातली एक दुपार आठवते. बाबांचं पोस्टिंग सीमेवर होतं, चंदीगडात आई आणि मी दोघीच राहायचो, आणि कसौलीच्या चढावर आमची जुनी गाडी धापा टाकायची. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. हट्टाने इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात मी गाडीला टर्बो बसवून घेतला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून तो आत जादा हवा कोंबतो. आईची अट एकच होती, तिला भरवसा वाटला नाही तर सगळं काढून गाडी होती तशी करायची. गाडी चालवून बघायला आम्ही शहराबाहेर मुल्लानपूरला गेलो. तिथल्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर दोन्हीकडे हिरवा गहू आणि अर्धवट इमारती होत्या. मी स्टिअरिंगवर बसणार, तर ती म्हणाली, “सरक, मी बघते.” तिने ॲक्सिलरेटर दाबला, बारीक शिटी ऐकू आली आणि पाठीला असा रेटा बसला की मी सीट घट्ट धरली. आईचा चेहरा शांत होता. कडेला थांबून ती चावी फिरवणार, तेवढ्यात मी म्हणाले, “लगेच बंद नको करूस, टर्बो थंड होऊ दे.” आम्ही तशाच बसून राहिलो. जरा वेळाने ती म्हणाली, “लग्नाआधी उसाचा ट्रॅक्टर कारखान्यावर मीच न्यायचे. तुझ्या बाबांनाही माहीत नाही.” मी विचारलं, “मग सांगितलं का नाहीस?” “कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली, “राहू दे हा टर्बो.” ती गाडी कधीच विकली गेली. पण अजूनही कुठलीही गाडी थांबवली की मी इंजिन लगेच बंद करत नाही. शेजारच्याला काही सांगायचं असेल.