डॉक्टरीणबाईंची बिनक्लचची गाडी

गाडी तिसऱ्यांदा माझ्या पांढुर्ण्याच्या गॅरेजात आली आणि तिसऱ्यांदाही तिला काहीच झालेलं नव्हतं. मे महिना, डोक्यावर तापलेलं टिनाचं छत, आणि समोर धुऊनपुसून उभी असलेली ती जपानी गाडी. तिला बघूनच मला थकवा यायचा.

गाडी सौंसरच्या डॉक्टर कुसुमताईंची होती. लहानपणी पोलिओनं त्यांचा डावा पाय गेला, त्यामुळे क्लच दाबता येत नाही. म्हणून आखाती देशातल्या भावानं ही ऑटोमॅटिक गाडी पाठवली होती. पेडल दोनच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. गिअर आपोआप पडतात. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे अशी गाडी दुसरी नव्हती. मी खाणीतल्या लोडरचे तसले गिअरबॉक्स उघडले होते, एवढ्यावरून ती माझ्या गळ्यात पडली.

तक्रार एकच. सकाळी ठीक चालते. भर दुपारी लांब गेलं की टॉप गिअर पडत नाही, इंजिन नुसतं बोंबलतं, आणि शेवटी गाडी पुढे सरकतच नाही. सावलीत थंड झाली की पुन्हा शहाण्यासारखी चालते.

ऑटोमॅटिकमध्ये सगळं काम तेल करतं. तेलाच्या दाबानं आतल्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात आणि गिअर पडतो. तेल फार तापलं की पातळ होतं, दाब कमी पडतो, प्लेटा घसरतात. असं फार दिवस चाललं तर प्लेटा जळून जातात. तेव्हा तेल तापतं आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. का तापतं, ते कळत नव्हतं. तेल बदललं, तेलाची जाळी साफ केली, गिअरची केबल ओढून बसवली. भर उन्हात वरूडच्या रस्त्यावर पळवली. एकदाही अडली नाही.

तिसऱ्या खेपेला ताईंबरोबर त्यांचे भासरे, म्हणजे थोरले दीर, अण्णाजीही आले.

"मिस्त्री, खरं सांगा," ते म्हणाले. "विकून टाकाची ना आता? तुमचं ऐकन कुसुम. जीप घेऊ, ड्रायव्हर ठेवू."

"ड्रायव्हर संध्याकाळी घरी जाते, अण्णाजी," ताई म्हणाल्या. "बाळंतपण थोडीच थांबून राहते?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "ही गाडी गेली की मी दवाखान्याच्या खुर्चीत बसली समजा. जो येईल त्याला तपासायचं, बस."

मला राग आला. त्यांचा नाही, गाडीचा. म्हटलं, "आता इकडे आणूच नका. जिथे बंद पडेल तिथेच राहू द्या, कोणी हात लावू नका. मी येतो."

निरोप आठवड्याच्या आतच आला. बोरगावच्या रस्त्यावर अडली होती. दोन बस बदलून, घामानं निथळत मी पोचलो. लिंबाखाली ताई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "बाळंतपण करून येताना बंद पडली म्हणून बरं," त्या म्हणाल्या. "जाताना पडली असती तर ती पोरगी वाचली नसती."

त्यांचे कंपाउंडर नामदेवराव गाडीच्या तोंडाशी वाकून सुतळ्या सोडत होते.

"काय सोडून राहिले?" मी ओरडलो.

"काई नाई मिस्त्री, ताटी आहे."

वाळ्याची ताटी! कूलरला लावतो तीच, बरोबर मापाची कापून रेडिएटरच्या जाळीवर बांधलेली. "उनानं गाडी तापते म्हणून रोज बांधतो. बाईंले ऐनवेळी तरास नको. निघताना चांगली भिजवतो."

"आणि माझ्याकडे आणताना?"

"तवा काढतो ना. गाडी धुतो, पुसतो. मिस्त्रीकडे न्याची तं अशी गबाळी नेऊ का?"

मी तिथेच धुळीत बसलो. ताटी भिजवली तरी आमच्या उन्हात पाव तासात कोरडी होते. वर रस्त्याची धूळ बसते, मग वाराच आत जात नाही. आणि या गाडीत गिअरचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्याच तळातून जाते. पाण्याचं तापणं थोडंफार निभतं, तेलाचं निभत नाही.

मी नामदेवरावांना चांगलंच झापणार होतो. ताईंनी हात वर केला. "राहू द्या. आमच्याकडे बायाही तपासायला येताना न्हाऊन, पावडर थापून येतात. मग अंगात रक्त आहे की नाही, काय दिसणार?" नामदेवराव ताटी छातीशी धरून उभे होते. "म्हणजे मीच जाळून राहिलो होतो का हो गाडी?" त्यांनी विचारलं.

प्लेटा आधीच जळल्या असतील तर खेळ संपला होता. गाडी एव्हाना थंड झाली होती. मग ताटी न लावता, त्याच उन्हात ताईंनीच चालवली. चढावर मी इंजिनाकडे कान लावून बसलो. दुसरा पडला. बराच वेळ काही नाही. मग टॉप पडला, आणि सौंसर येईपर्यंत सुटला नाही.

दवाखान्याच्या दारात लोधीखेड्याचा एक माणूस रडकुंडीला येऊन उभा होता. त्याची बायको कालपासून अडली होती. अण्णाजी म्हणाले, "थांब, जीप बोलावतो."

ताईंनी इंजिन बंदच केलं नाही. "मिस्त्री, तुम्ही उतरा. दादा, तुम्ही समोर बसा, रस्ता दाखवा."

धूळ बसेपर्यंत मी आणि अण्णाजी रस्त्यात उभे होतो. ती बाई वाचली, मूलही वाचलं. गाडी विकायचं पुन्हा कोणी बोललं नाही.

तेव्हापासून कोणतीही गाडी आली की बोनेट उघडण्याआधी मी एकच विचारतो, इथे आणण्यापूर्वी हिचं काय काय काढून ठेवलं? लोक चिडतात. चिडू द्यावं.