काढलेली बटणे

सहा फेब्रुवारी. घरात जीव तीन: शिंपी, त्याची थोरली बहीण आणि त्याची सहा वर्षांची मुलगी. मुलीची आई केव्हाच गेलेली.

त्या सकाळी मुलीच्या उजव्या हातातून दुधाचा पेला पुन्हापुन्हा निसटला. "नखरे पुरे झाले," आत्या म्हणाली. मग मुलीचे तोंड एका बाजूला ओढले गेले आणि दिवसभर वटवट करणाऱ्या त्या पोरीला एक शब्द धड उच्चारता येईना. पहिल्या दवाखान्यात सांगण्यात आले, "अशक्तपणा आहे. एवढ्याशा मुलांना कुठं पक्षाघात होतो?" दुपारी मोठ्या रुग्णालयात कळले, की होतो. मेंदूला रक्त पुरवणारी एक वाहिनी अरुंद होऊन तिच्यात गुठळी अडकली होती.

बोलणे हळूहळू परतले. हाताची मूठ मात्र मिटलेलीच राहिली.

शिंपी मुळात अबोल. त्याची माया सुईतूनच बाहेर पडे. मुलीची तारांबळ बघवेना म्हणून त्याने तिच्या प्रत्येक झग्याची बटणे उसवली, गळे रुंद केले, कमरेला इलॅस्टिक घातले. आता कपडे डोक्यावरून अलगद उतरत. गिऱ्हाइके कौतुक करत.

रुग्णालयात हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी झगा उलटसुलट करून पाहिला. "कुणी शिवला?"

"मीच," तो खुलून म्हणाला.

"शिवलाय सुरेख. पण या हाताला तुम्ही कामच ठेवलं नाहीत. मग तो शिकणार कशाला?"

दुसऱ्याचे कष्ट हिरावून घेणे हाही मायेचाच एक प्रकार असतो, आणि तो ओळखणे सर्वांत अवघड. शिंप्याला तो दुकानाच्या वाटेवर ओळखता आला. त्याने डाव्या हातासाठी जाड हातमोजा शिवला, म्हणजे घटकाभर तरी उजव्यालाच राबावे लागेल. आणि शाळेच्या जाकिटाला कोटाची थोराड बटणे लावून काजे सैल ठेवली.

डाव्या हातात हातमोजा चढवून मुलगी बटणाशी झटू लागली. त्याचा हात आपोआप पुढे गेला.

"बस खाली!" आत्या कडाडली. "सगळं तूच करणार असशील, तर तिच्या शाळेतही तूच जाऊन बस!"

"बाबा, तू तिकडं बघ ना," मुलगी म्हणाली. "तू बघितलंस की बटण घाबरतं."

गळ्यातली टेप घट्ट धरून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागून धुसफूस, मग रडणे, मग बटणाला दिलेली एक शिवी. आत्याने ती ऐकून न ऐकल्यासारखी केली.

"झालं!"

एकच बटण लागले होते, तेही चुकून एक घर वरच्या काजात. जाकीट एका अंगाला वर चढलेले. वाकडी टीपही खपवून न घेणाऱ्या त्या माणसाने जाकिटाकडे बराच वेळ पाहिले.

"फिटिंग कसंय?" मुलीने विचारले.

"झकास," तो म्हणाला, आणि तिला तशीच शाळेत सोडून आला.

हात अजून पुरता उघडत नाही. पहिल्या दवाखान्यात वाया गेलेली ती सकाळ मुलीला कोणीही भरून दिलेली नाही.