वाईच्या शेळीची साक्ष

मंगळवारी सकाळी सांगलीहून फोन आला. निकम मॅडम गेल्या. मी फोन ठेवला आणि प्रयोगशाळेत गेलो. दोन नमुने आले होते, ते नोंदवून घेतले.

त्याला आता महिना होऊन गेला. जनावरांच्या रोगजंतूंचा अभ्यास करण्यात मॅडमनी कराडमध्ये सारी नोकरी घालवली, आणि मी त्यांच्या हाताखाली शिकलो. लोक त्यांच्या शिस्तीबद्दल बोलतात. मला आठवतो तो त्यांचा एक विजय... माझ्या चुकीवर मिळवलेला.

कडेगावजवळच्या एका गावात पाच गोठ्यांतल्या गाईंना एकापाठोपाठ दगडी झाली. कास सुजून दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात, तो रोग. या गोठ्यांत पाचही मालकांनी मिळून विकत आणलेलं दूध काढायचं मशीन सकाळी पाळीने फिरायचं आणि संध्याकाळची धार कामाला ठेवलेला सदाशिव हाताने काढायचा. संशय सदाशिववर आला. मी गाईंच्या दुधातले आणि त्याच्या हातावरचे जंतू आणले, एका दिवसात निकाल देणाऱ्या पद्धतीने त्यांचे जनुकीय ठसे काढले. सगळ्यांच्या ठशांतले पट्टे सारखेच. मी उत्साहात गावात फोन करून सांगूनही टाकलं. त्याच संध्याकाळी सदाशिवचं पाचही गोठ्यांतलं काम सुटलं.

शीतपेटीतून मॅडमनी एक जुना जंतू काढला, वाईच्या एका शेळीच्या दुधातला. "हाही सोबत चालव." त्याचेही पट्टे तसेच आले! मॅडम मूळच्या कडेगावकडच्या. थट्टा करताना घरची बोली यायची.

"म्हंजी वाईच्या शेळीची धारबी सदाशिवनंच काढली म्हणायची! लय लांब जातंय की रं ते."

मला वर बघवेना. जी पद्धत सगळ्यांना एकच ठरवते, ती कुणालाच दोषी ठरवू शकत नाही, इतकी साधी गोष्ट होती ती. मॅडमनी मला परत पाठवलं. सडाला, म्हणजे आचळाला, जे जे लागतं त्या प्रत्येक वस्तूचा नमुना आण, म्हणाल्या. मशीनला खंडेनवमीची झेंडूची माळ अजून होती, हळदकुंकू होतं. सडाला बसणारं आतलं रबर मात्र मशीन घेतल्यापासून कुणी काढलं नव्हतं.

दुसरी पद्धत संथ. जंतूचा जनुकीय धागा मोजक्या मोठ्या तुकड्यांत कापायचा आणि ते तुकडे जेलमधून, दिशा बदलत्या विजेवर, सावकाश सरकू द्यायचे. चार दिवस गेले. शेळीचा जंतू वेगळा निघाला. सदाशिवच्या हातावरचाही वेगळा. पाचही गोठ्यांतल्या गाईंच्या जंतूंचे पट्टे मात्र एकमेकांशी आणि मशीनच्या रबरावरच्या जंतूशी रेघेला रेघ जुळले. मॅडमनी फोटो उजेडाला धरला आणि चक्क टाळी वाजवली. मग माझ्याकडे वळल्या. "सांगितलंस तू, आता मागं घ्यायचंबी तूच."

मॅडम माझ्यासोबत गावात आल्या. दूध केंद्रासमोर सगळे जमले. माझी चूक झाली, हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं, आणि रोग मशीनच्या रबरातून पसरला हे दुसऱ्या. मशीनचे थोरले वाटेकरी बापू उसळले, "आवं मॅडम, मशीनला काय हात असत्यात व्हय?"

"न्हाईत, म्हणून तर धुवायचं कुणाच्या ध्यानात आलं न्हाई!"

बापूंसकट सगळे हसले. सदाशिवने मागून विचारलं, "म्हंजी माजा हात चांगला हाय न्हवं मॅडम?"

"जंतू तुज्या हातावर हाईत, माज्याबी हातावर हाईत. गाईंना लागलेला जंतू तुजा न्हाई. पर हात धूत जा."

बापूंनी त्याला तिथल्या तिथे कामावर बोलावलं. तो म्हणाला, "आदी मशीन धुवा, मग येतो." मॅडम परतीच्या वाटेवर कराड येईपर्यंत त्या वाक्यावर हसत होत्या. रबर बदललं, गाई बऱ्या झाल्या, आणि त्या गावातून दगडीचा नमुना पुन्हा आला नाही.

परवा मी तिथे जाऊन आलो. पाचही गोठ्यांत संध्याकाळची धार सदाशिव काढतो.