स्वेटर घातलेली मुलगी

मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या शाळेत मी बरीच वर्षं चौथीला शिकवते आहे. त्या वर्षी वर्गात एक नवी मुलगी आली. वडील वारलेले, आई कुवेतला एका म्हाताऱ्या बाईची काळजी घेण्याच्या नोकरीवर. मुलीला काका-काकूकडे ठेवलेलं. काका जहाजावर, म्हणजे वर्षातले बरेच महिने घरात ती आणि काकूच. काकूला ती आंटी म्हणायची.

या आंटीला मी चांगली ओळखत होते. आम्ही एकाच चर्चला जायचो. रविवारी वेदीवरची फुलं तीच लावायची, आणि तिच्यासारखी फुलं आमच्या गावात कुणाला लावता यायची नाहीत. कुणाकडे आजारपण असलं की पेजेचा डबा घेऊन पहिली पोचणार ती. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत ती आमच्याकडे येऊन आईचे पाय चेपून देत असे.

मुलगी शहाणी होती. जरा जास्तच. अक्षर सुंदर, गृहपाठ पूर्ण, आवाज नाही. स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायलासुद्धा ती परवानगी मागायची. "बाई, पाणी पिवू?" पहिले काही दिवस मला त्याचं कौतुक वाटलं. मग एकदा वर्गाकडे बघत बोलता बोलता मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला हात उचलला, आणि पहिल्या बाकावरच्या त्या मुलीनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. क्षणभरच. लगेच खाली घेऊन पेन्सिल उचलली. बाकीच्या मुलांच्या लक्षातही आलं नाही. मी तारीख लिहायला लागले, ती पुरी करताना काय लिहायचं तेच सुचेना.

त्यानंतर मी बघायला लागले. मार्च सुरू झाला होता, पंख्याखालीही घाम निथळत होता, आणि ही पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसायची. मधल्या सुट्टीत भिंतीला पाठ लावून उभी राहायची. शाळा सुटली की दप्तर भरायला तिच्याइतका वेळ कुणालाच लागायचा नाही. एकदा कानामागे काळंनिळं दिसलं. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "न्हाणीत पडलंय." पुढच्या आठवड्यात पोटरीवर वळ. "न्हाणीत पडलंय." तोच सूर, पाढा म्हटल्यासारखा.

ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं होतं. तिथं एका तरुण बाईंनी सांगितलेलं तेव्हा मला आठवलं. मूल पडतं ते बहुतेक पुढे पडतं, म्हणून गुडघे, कोपर, कपाळ फुटतं. कानामागे, दंडाच्या आतल्या बाजूला, पोटरीवर लागलं असेल तर थांबा आणि विचार करा. मुलाला एकटं घेऊन शांतपणे विचारा, उत्तर तुम्ही त्याच्या तोंडात घालू नका. आणि कुणाला सांगणार नाही असं वचन कधी देऊ नका, कारण ते तुम्हाला मोडावं लागेल.

एका दुपारी मुलं कवायतीला मैदानावर गेली. तिला मी वह्या लावायला वर्गात थांबवलं. दार उघडंच ठेवलं. वह्या लावता लावता म्हटलं, "गरम होता ना गो? स्वेटर काढूचो नाय?"

ती वह्यांच्या कडा जुळवत राहिली. मीही वह्या लावत राहिले. मग तिनं आपणच एक बाही वर केली. दंडावर बोटांचे ठसे होते, आणि त्याखाली आधीचे, पिवळे पडलेले.

"ह्या कसा झाला?"

"आंटीक राग येता," ती म्हणाली. "ती वाईट नाय, बाई. माझाच चुकता." आणि मग, पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून, "तुमी कोणाक सांगशात काय?"

मुलांच्या कवायतीचे आकडे बाहेरून ऐकू येत होते. मी तिला म्हटलं, "सांगूचा लागतला, बाय. तुका लागूक नये म्हणान सांगूचा लागतला."

मी कल्पना केली होती की ती रडेल. रडली नाही. बाही खाली केली, मनगटापर्यंत नीट ओढली आणि विचारलं, "मगे माका खंय धाडतले?"

माका ठाऊक नाय, पण मी इचारीत रवतलंय, एवढंच म्हणाले.

मुख्याध्यापक भले गृहस्थ. माझं सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, त्या बाईंना सगळं गाव मानतं. उद्या चूक निघाली तर? आपण आधी त्यांनाच बोलावून विचारूया का?"

"त्यांना विचारलं तर संध्याकाळी ते तिच्या अंगावर निघेल," मी म्हटलं. "खरं-खोटं बघणारे लोक आहेत सर. आपण दिसलं तेवढं सांगायचं."

त्यांनी चष्मा परत घातला. मग उठून त्यांनी ऑफिसचं दार आतून लावलं आणि फोन माझ्याकडे सरकवला. मुलांच्या मदतीसाठीच्या त्या नंबरवर मी बोलले. पलीकडची बाई न घाबरवता एकेक विचारत होती आणि मी काय पाहिलं, काय ऐकलं, तेवढंच सांगत होते. बोलून झाल्यावर पाहिलं तर ब्लाउज पाठीला चिकटला होता.

त्याच दिवशी शाळा सुटायच्या आधी ओरोसहून मुलांच्या मदतीचं काम करणाऱ्या दोन बायका आणि एक महिला पोलीस आली, साध्या कपड्यात. मुलीशी त्या बोलल्या, मग तिला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. त्या रात्री ती घरी गेली नाही. गाडीत बसताना तिनं मागे वळून पाहिलं ते माझ्याकडे. त्या नजरेत सुटका नव्हती. रागही नव्हता. गाडीची काच वर गेली, आणि मला वाटलं ती काहीतरी म्हणाली. काय, ते मला आजही माहीत नाही. कधी कधी झोपेतून उठल्यावर वाटतं, आता कळणार, आणि कळत नाही.

गावात दोन दिवसांत सगळ्यांना समजलं. चर्चमध्ये माझ्या बाकावर बसायला कुणी येईना. लहानपणापासूनची मैत्रीण वाटेत थांबून म्हणाली, "ह्या तुका कित्याक व्हया होता? घरातला घरात मिटला असता." मासेवाली आमच्या दारात हाक न मारता पुढे जाऊ लागली. त्या वर्षी वेदीवरची फुलं दुसरं कुणी लावायचं, आणि लोक त्या वेडीवाकडी लावलेल्या फुलांकडे बघायचे, मग माझ्याकडे.

आई कुवेतहून आली. मुलीला घेऊन ती देवगडला आपल्या बहिणीजवळ राहायला गेली, तिथं आंब्याच्या पॅकिंगचं काम धरलं. जाण्यापूर्वी शाळेचा दाखला न्यायला आली तेव्हा मला म्हणाली, "फोनवर ती रोज सांगायची, बरा आसा. मी 'बरा आसा' ह्याच ऐकत होतंय." मुलगी सोबत नव्हती. तिला शाळेत यायचं नव्हतं. पुढे कळलं की ती तिकडं बरी आहे, शिकते आहे, मोठ्यानं हसते. मला ते ऐकून बरं वाटलं, पण तिचं मोठ्यानं हसणं कसं असेल ते काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही.

केस चालली. मी ओरोसला साक्ष दिली. आंटीला शिक्षा झाली, ती भोगून ती परतही आली.

मात्र माझं बघणं तेव्हापासून थांबलेलं नाही. कट्टा गावच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात मूल दिसलं की माझी नजर आधी दंडावर जाते, मग कानामागे. एखादं पोर फारच शहाण्यासारखं बसलेलं दिसलं की मला जेवण जात नाही. बहुतेक वेळा काहीच नसतं.

मागच्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी आंटी माझ्या दारात उभी राहिली. बारीक झालेली, केस पांढरे. "भितर येव काय?"

मी तिला बसवलं. चहा ठेवला. ती भांडायला आली असेल म्हणून मी मनाची तयारी करत होते.

"माका एक इचारूचा आसा," ती म्हणाली. "तुमका कळला कसा?"

मी सांगितलं. हात उचलला तेव्हा पोरीनं डोकं झाकलं ते, स्वेटर, कानामागचं. ती मान हलवत राहिली, ओळखीचं काही ऐकावं तशी.

"मी ल्हान असताना माझ्या आंगार पण वळ असत," ती म्हणाली. "बापाशीचो हात लय जड. आमच्या शाळेतल्या बाईंका दिसत. एकदा तेनी माका बाजूक घेतल्यानी आणि खोबरेल तेलाची बाटली दिल्यानी. सांगल्यानी, लाव गो, थंड वाटात." तिनं कप खाली ठेवला. "बरी बाई ती. माका लय आवडायची. पण तेनी कोणाक सांगूक नाय."

"तिका तू मारीत होतंस," मी म्हटलं. मला ते म्हणायलाच हवं होतं.

"होय," ती म्हणाली. "मारीत होतंय."

तिनं चहा संपवला, कप विसळून पालथा ठेवला आणि अंगणातून निघून गेली. मी उंबऱ्यात उभी होते. तिच्या त्या बाई कोण, कुठल्या, आज असतील की नाही, मला काही ठाऊक नाही. डोळ्यांसमोर येतं ते एवढंच: वर्गाच्या एका कोपऱ्यात वाकून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून त्या एका पोरीच्या हातात तेलाची बाटली देतात, तिच्या गालावरून हात फिरवतात आणि पुढचा धडा घ्यायला वळतात. हल्ली त्या मला आंटीपेक्षा, त्या मुलीपेक्षाही जास्त दिसतात.